फूटपाथवरचे शेजारी: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी रात्री साडेआठनंतर आम्ही दादर ते परळ या पट्ट्यात फूटपाथवर राहणाऱ्या माणसांना भेटायला जातो. आम्ही म्हणजे एका पॅरिशमधली, म्हणजे एकाच चर्चला जाणारी, आठ-दहा जणं. दोन निवृत्त टीचर, एक टॅक्सीवाले काका, बँकेत काम करणारे तिघे आणि परीक्षा नसेल तेव्हा कॉलेजची मुलं. आमची संस्था नाही, पावती पुस्तक नाही, बॅनर तर नाहीच. तरी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

तिथे जाऊन तुम्ही नक्की करता काय?

बसतो. गप्पा मारतो. पोरगी दहावीला बसली का, गुडघा कसा आहे, गावाकडे पाऊस झाला का, असं विचारतो. ते आम्हाला विचारतात की गेल्या गुरुवारी कुठे होतात. थंडीत चादरी नेतो, पावसाळ्याच्या तोंडाला ताडपत्री. पण हे वर्षातून दोन-चारदा. बाकीचे पन्नास-एक गुरुवार हात रिकामेच असतात.

म्हणजे अन्नदान नाही?

नाही. अन्नदान वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. शनिवारी, अमावास्येला, कुणाच्या बाबांच्या पुण्यतिथीला दादरच्या फूटपाथवर खिचडीच्या गाड्या येतात आणि त्या खिचडीवर कितीतरी पोटं भरतात. पण गाडी थांबते, रांग लागते, ताटं वाटली जातात, गाडी निघून जाते. कोणी कुणाचं नाव विचारत नाही. एकदा एकाच संध्याकाळी तीन गाड्या आल्या आणि चौथ्या दिवशी एकही नाही. एक मावशी तेव्हा म्हणाल्या, "लोकांना पुण्य एकाच दिवशी लागतं."

आम्हीही सुरुवात वडापाव वाटण्यापासूनच केली होती. सहा महिन्यांनी लक्षात आलं की दीडशे वडापाव वाटले आणि एका माणसाचं नाव सांगता येत नाही. त्या दिवशी टीचरांनी शंभर पानी वही आणली. त्यात नावं, गाव, कोणाला साखरेचा त्रास, कोणाची मुलगी कुठे दिली, असं लिहायला लागलो. वाढदिवसाचा रकाना मात्र बराच काळ कोराच होता, कारण तारखा कोणाला ठाऊक नसतात. एक मावशी इतकंच सांगत, "मी दुष्काळातली." म्हणजे बाहत्तरच्या. त्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची गावंच्या गावं मुंबईच्या वाटेला लागली, आणि त्यांच्या आईने त्यांना फडक्यात गुंडाळून इथे आणलं. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की वाढदिवस दसऱ्याला. दर दसऱ्याला त्या स्वतःच जिलेबी आणून ठेवतात, आम्ही फक्त गाणं म्हणतो.

याला मैत्री म्हणणं जरा जास्तच होत नाही का? तुम्ही रात्री घरी जाता, ते तिथेच झोपतात.

हा प्रश्न खरा आहे आणि तो आम्हाला दर गुरुवारी सव्वादहाच्या लोकलमध्ये पडतो. बरोबरीची मैत्री ही नव्हेच. पण मैत्री आणि दान यांत एक फरक लगेच कळतो. मित्र नाही म्हणू शकतो, रागावू शकतो, आणि देऊही शकतो. फूटपाथवरचे एक काका आमच्यासाठी कटिंग मागवतात आणि पैसे देऊ देत नाहीत. पहिल्यांदा आमच्यातल्या एकाने पटकन पाकीट काढलं, तर काकांनी दोन आठवडे अबोला धरला. योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. आम्ही ते वचन कितीदा ऐकलं होतं, पण चहाचे पैसे खिशात परत ठेवावे लागले तेव्हा कुठे ते समजायला लागलं.

ही कल्पना तुमची की कुठून घेतली?

घेतलेली आहे. १९६८ साली रोममध्ये आंद्रेआ रिकार्दी नावाच्या शाळकरी मुलाने मित्र जमवून एक गट सुरू केला. पुढे तो सांत एजिदिओ समुदाय म्हणून ओळखला जाऊ लागला आणि आज अनेक देशांत आहे. गरिबांशी मैत्री, हा शब्द त्यांच्याकडून उचलला. १९८२ च्या नाताळात त्यांनी रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या सांता मारिया या जुन्या चर्चमध्ये, चक्क आतमध्ये, टेबलं मांडली आणि वीसेक गरीब पाहुण्यांना जेवायला बसवलं. आता ते नाताळचं जेवण जगभर शेकडो शहरांत होतं.

त्याआधी, १ मे १९३३ ला, न्यूयॉर्कमध्ये डोरोथी डे आणि पीटर मोरिन यांनी 'कॅथॉलिक वर्कर' हे एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र काढलं. महामंदीचे दिवस होते. वर्तमानपत्रात पाहुणचाराविषयी लिहिलेलं वाचून बेघर माणसं दारात यायला लागली, तेव्हा बोलाल तसं वागावं लागलं आणि पाहुणचाराची घरं उघडली. डोरोथीबाई १९८० मध्ये वारल्या त्या अशाच एका घरात. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर बऱ्याच पॅरिशमध्ये संत विन्सेंट दी पॉलच्या नावाने चालणारा गट असतो. त्याचं मूळ पॅरिसमध्ये, १८३३ चं. फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्यांची पद्धतही हीच, की गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं.

आणि एवढ्या लांब जायचं नसेल तर दादर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. परगावाहून आलेले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा हा बाबांचा रोकडा धर्म आणि बायबलमधला मत्तयाचा पंचविसावा अध्याय, जिथे येशू म्हणतो की भुकेल्याला दिलंत ते मलाच दिलंत, शेजारी ठेवून वाचून बघा. आमच्या टॅक्सीवाल्या काकांचं मत असं, की बाबांनी तो अध्याय न वाचता पाळला आणि आम्ही न पाळता पाठ केला.

धर्मांतर करता का?

नाही.

एवढ्याने समाधान होत नाही हे माहीत आहे, म्हणून थोडं अधिक. आम्ही ख्रिस्ती आहोत हे लपवत नाही. टीचरांच्या गळ्यात क्रॉस असतो, कुणी विचारलं तर सांगतात. कुणी म्हणालं की माझ्यासाठी प्रार्थना करा, तर करतो, बहुतेक वेळा घरी येऊन. पण पत्रकं वाटत नाही, प्रार्थनेच्या बदल्यात चादर देत नाही. ज्याच्या अंगावर आपण चादर घातली त्याला लगेच आपला धर्म कसा वाटतो हे विचारणं म्हणजे बिल हातात ठेवणं.

दुष्काळातल्या मावशींच्या गाठोड्यात खंडोबाचा टाक आहे. तीन विटांच्या चुलीवर त्या चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे करतात आणि आमच्यासाठी राखून ठेवतात. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलाने, हे खायचं का, असं डोळ्यांनीच विचारलं. टीचरांचा तोवर दुसरा घास चालू होता. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तांचा समुदाय उभा केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही होते. मराठी ख्रिस्ती माणसाला हे काही नवं नाही.

फूटपाथवर राहतात ती माणसं असतात तरी कोण?

भिकारी, असं उत्तर बहुतेकांच्या मनात असतं. आमच्या वहीतली बहुतेक माणसं कामं करतात. फुलबाजारात गजरे ओवणं, लग्नाच्या केटरिंगमध्ये भांडी घासणं, हमाली, भंगार वेचणं, नाक्यावर उभं राहून बिगारी. दादरचा फुलबाजार आणि भाजीबाजार उजाडायच्या आत जागा होतो. विरारला खोली भाड्याने घेतली तर पहिल्या लोकलनेही वेळेत पोचता येत नाही, आणि डिपॉझिट कुठून आणणार? फूटपाथवरच्या रहिवाशांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच हे मान्य केलं होतं. ही माणसं तिथे राहतात कारण काम तिथे आहे. जागा काढून घेतली तर रोजी जाते, आणि रोजीचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. (नोटीस देऊन हटवायला मात्र न्यायालयाने परवानगी दिली. निकालाचा हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही.)

परळला वेगळी माणसं भेटतात. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली. काल-परवापर्यंत यांचं घर, शेत, गाय सगळं होतं. किमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस काढायला जागा नाही म्हणून फूटपाथ. यांच्याशी मैत्री काही महिन्यांचीच असते. वहीत त्यांची पानं वेगळी आहेत.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले, मुंबईत सुमारे ५७ हजार. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. पुलाखाली, पाइपात, प्लॅटफॉर्मवर झोपलेल्यांना एका रात्रीत मोजायचं होतं. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

सरकारी रात्रनिवारे असतात की. तिथे का नाही जात?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा हवा. नंतरच्या केंद्रीय योजनेत हिशेब आला तो असा: शंभर माणसांचा निवारा, माणशी ५० चौरस फूट. २०११ ची मुंबई सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे सव्वाशे निवारे लागतील. आपल्या वॉर्डात किती दिसतात ते मोजून पाहा.

जिथे आहेत तिथेही अडतं. पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, मग नवरा-बायकोने आणि चौदा वर्षांच्या मुलाने कुठे जायचं? सामान ठेवायला जागा नाही. आणि कामाची जागा लांब. आम्ही एका आजोबांना मोठ्या उत्साहाने निवाऱ्यात पोचवलं होतं. पाचव्या दिवशी परत. म्हणाले, "तिथे मला कोणी ओळखत नाही."

पैसे मागितले तर देता का?

यावर आमच्यात एकमत नाही, आणि होईल असं वाटत नाही. गट म्हणून रोख देत नाही. औषध हवं तर बरोबर केमिस्टकडे जातो, शाळेची वही हवी तर वही. पण कोणी आपल्या खिशातून दिले तर त्याला अडवत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. एकाने सोलापूरला भावाकडे जायचं म्हणून तिकिटाचे पैसे मागितले. मी दिले. पुढच्या गुरुवारी पाहतो तर स्वारी त्याच खांबाला टेकून बसलेली. मी फसलो म्हणून इतका चिडलो की तीन आठवडे त्याच्याकडे न बघता पुढे जात राहिलो. शेवटी बाजूच्या मावशींनी मला थांबवून सांगितलं की तो गेला होता. भावाने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, रात्र स्टॅंडवर काढून दुसऱ्या दिवशी परत आला. मी माफी मागायला गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी परतीचं पण काढा."

दारू पिणाऱ्यांचं काय?

प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री वाद घालत नाही, पुढच्या गुरुवारी बोलतो. सोडायची तयारी दाखवली तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला बरोबर जातो. या बैठका कितीतरी चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांत भरतात. तीन जण गेले, एकाची सुटली. तो आता आमच्याबरोबर चालतो आणि आमच्यातल्या कोणापेक्षाही चांगलं ऐकतो.

कागदपत्रांसाठी मदत करता का?

जमेल तेवढी. यात मैत्रीपेक्षा चिकाटी जास्त लागते. दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात. मतदार यादीत नाव घालायला घर असावंच लागतं असं नाही. अर्ज क्रमांक ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची. निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री तिथे येऊन माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते पाहायचं असतं, आणि पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र चालतं. नियम असे आहेत. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असतीलच असं नाही, म्हणून छापून खिशात ठेवतो.

आणि मिळालेली कागदपत्रं जपायची कशी हा पुढचा प्रश्न. अतिक्रमणाची गाडी आली की गाठोडं जातं, गाठोड्यात आधार, रेशनकार्ड, मुलीचा शाळेचा दाखला. आता लॅमिनेट केलेल्या झेरॉक्स टीचरांच्या घरी एका बिस्किटाच्या डब्यात असतात. अठ्ठावीस कुटुंबांचं सरकारी अस्तित्व त्या डब्यात आहे, आणि टीचर तो डबा फ्रिजवर ठेवतात.

मानसिक आजार असलेलं कोणी दिसलं तर?

हाताला धरून ओढू नका, गर्दी जमवू नका. रोज तिथेच असेल तर रोज पाणी द्या, चार शब्द बोला. उत्तर येईलच असं नाही. एका बाईंनी आमच्याशी पहिला शब्द बोलायला अकरा महिने घेतले आणि तो शब्द होता, "सरका."

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षण देणं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कर्जतजवळ डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र अशा माणसांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या गावी पोचवतं. डॉ. भरत यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाची सुरुवात एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहून झाली.

पोलिसांचा त्रास होतो का?

आम्हाला नाही. त्यांना होतो. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे. त्यात वॉरंटशिवाय पकडता येतं आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यावर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. मुंबईचं भिक्षेकरीगृह चेंबूरला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. गजरे विकणारी बाईही संशयाने उचलली जाऊ शकते. कोणी अचानक दिसेनासं झालं की आम्ही आधी रुग्णालयात आणि मग चेंबूरला विचारतो.

त्यांना चर्चमध्ये आणता का?

ज्यांना यायचं ते येतात, बहुतेक नाताळला, येशूजन्माचा गोठा बघायला. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना मागच्या बाकावर बसवलं. का, ते कोणी ठरवलंही नव्हतं. नंतर टीचरांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवला. सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला, तू तिथे उभा राहा, असं म्हणणाऱ्या मंडळींविषयी तो आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याच पॅरिशचं वर्णन करून ठेवलेलं.

आता नाताळनंतरच्या रविवारी हॉलमध्ये एकत्र जेवण असतं. बुफे नाही, पंगत. आमची माणसं आणि त्यांची माणसं एकाआड एक बसतात आणि प्रत्येक पानाशी नावाची चिठ्ठी असते. वाढायला दोन्हीकडचे. पॅरिशमधल्या दोन कुटुंबांनी पुढच्या वर्षापासून यायचं बंद केलं, चार नवी आली.

फोटो का टाकत नाही? लोकांना प्रेरणा मिळेल.

तुम्ही जेवताना, केस न विंचरता, रस्त्यावर बसलेले असताना कोणी तुमचा फोटो टाकला तर? याच कारणाने या पानावर कोणाचं नाव नाही. विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "माझं नाव गावाकडे कुणी वाचलं तर?" गावी त्यांनी सांगितलंय की खोली आहे.

कोणी वारलं तर?

दरवर्षी दोन-तीन जातात. नातेवाईक नसले तर पंचनामा, शवागार, जाहिरात, बेवारस. बेवारस हा शब्द आम्ही वहीत लिहीत नाही. आम्ही ओळख पटवायला जातो, परवानगी मिळाली तर त्या माणसाच्या धर्माप्रमाणे अंत्यविधीला उभे राहतो.

रोममध्ये ३१ जानेवारी १९८३ ला मोदेस्ता वालेंती नावाची सत्तरी ओलांडलेली बेघर बाई तेर्मिनी स्टेशनजवळ आजारी पडली. अंग घाण होतं, उवा होत्या, म्हणून अँब्युलन्सने तिला घेतलं नाही. काही तास तशीच पडून ती वारली. सांत एजिदिओची माणसं तिला ओळखत होती. तेव्हापासून दरवर्षी मिस्सामध्ये रस्त्यावर वारलेल्यांची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती. आम्ही हे नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणदिनाच्या आसपास करतो. गेल्या वर्षी एक नाव नुसतं "परळचे दादा" असं होतं. त्याहून जास्त ते आम्हाला कधी सांगू शकले नाहीत, घशाचा कॅन्सर होता.

मुलांना घेऊन येऊ का?

जरूर. मुलं लगेच खेळायला लागतात, मोठ्यांना तीन महिने लागतात. आधी एवढंच शिकवून आणा की तिथल्या मुलांचं खेळणं मागून घ्यायचं.

बायकांनी रात्री येणं सुरक्षित आहे का?

नेहमी चौघं-पाच जणं एकत्र असतो, दहाच्या पुढे थांबत नाही. आजवर प्रसंग आला तो एकदाच, दोन बाहेरच्या तरुणांनी आमच्या कॉलेजच्या मुलींना शेरे मारले तेव्हा. त्यांना हाकललं ते फूटपाथवरच्या बायकांनी, लाटणं घेऊन.

पहिल्यांदा येताना काय आणू?

काही नको. जुने कपडे तर मुळीच नकोत, दादरच्या फूटपाथवर दिवाळीआधी जुन्या साड्यांचा ढीग पडतो आणि तो सुकवायला, साठवायला जागा कोणाकडेच नसते. पाण्याची बाटली आणा, स्वतःसाठी. पुढच्या गुरुवारी जमणार असेल तरच येतो म्हणा, नसेल तर तसं सांगा. आणि पायात चपला घाला. ताडपत्रीच्या कडेला चपला काढूनच आत बसायचं असतं. मागे एक नवीन भाऊ ऑफिसमधून थेट बूट घालून आले होते. त्यांच्या नाड्या सुटेपर्यंत काकांनी मागवलेला कटिंग गार झाला आणि काकांनी दुसरा मागवला.